सुवासाचें वजन

रूप पाहावयास डोळा, नाद ऐकावयास कान, चव घ्यावयास जीभ आणि वास घ्यावयास नाक, ही इंद्रियांची वांटणी सर्वांस ठाऊक आहे. परंतु या चौघांत शास्त्राकडून सर्वांत अधिक उपेक्षा कोणाची झाली असेल, तर ती बिचाऱ्या नाकाची. आपल्या नैयायिकांनीं रूपाचे सात प्रकार सांगितले, रसाचे सहा सांगितले. गंधाची पाळी आली तेव्हां मात्र 'सुरभि' आणि 'असुरभि', म्हणजे चांगला आणि वाईट, एवढ्या दोनच प्रकारांवर त्यांनीं काम भागविलें. वस्त्र मोजावयास गज, दूध मोजावयास शेर, सोनें तोलावयास गुंज. पण मोगऱ्याचा वास कशानें मोजावा, याचें उत्तर पुढें शेंकडों वर्षें कोणापाशींच नव्हतें.

तथापि त्याच नैयायिकांनीं एक गोष्ट मोठ्या मार्मिकपणें ओळखली होती. वाऱ्यास स्वतःचा वास नाहीं. फुलाचा वास वाऱ्यावर आला असें आपण म्हणतों, तेव्हां फुलांतील सूक्ष्म पार्थिव कण वाऱ्याबरोबर नाकापर्यंत येतात, असें त्यांचें मत. आजचें रसायनशास्त्र 'पार्थिव' या शब्दास हरकत घेईल, पण कणांची गोष्ट त्यास सर्वस्वीं मान्य आहे. वास म्हणजे पदार्थांतून उडून आलेलें द्रव्यच होय. आणि द्रव्य म्हटलें कीं तें कितीहि थोडें असो, त्यास वजन आहे. वजन आहे म्हणजे तें मोजतां आलें पाहिजे. तें कसें मोजतात, हें आज आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका पदार्थावरून पाहूं. तो पदार्थ म्हणजे आंबेमोहोर तांदूळ.

पुणें जिल्ह्यांतील मावळ-मुळशीच्या डोंगराळ पट्ट्यांत, सह्याद्रीच्या पावसांत वाढणारा हा आंखूड दाण्याचा तांदूळ. शिजतांना त्यास आंब्याच्या मोहोराचा वास येतो म्हणून हें नांव. लहान मुलाचा मऊ भात, आजाऱ्याची पेज, नैवेद्याचा वरणभात यांसाठीं ज्या घरांत तो येतो, तेथें चुलीवर आधण आलें आहे कीं नाहीं हें माजघरांत बसलेल्या माणसास उठून पाहावें लागत नाहीं. परंतु हा घरभर दरवळणारा सुवास कोणत्या द्रव्याचा, आणि तें द्रव्य असतें तरी किती?

सुवासिक तांदळाच्या या मुख्य द्रव्याचा शोध लागला तो अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील ऑल्बनी येथील सरकारी शेतकी प्रयोगशाळेंत. १९८२-८३ सालीं रॉन बटरी व त्यांचे सहकारी यांनीं (यांत फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे ज्यूलियानो हेहि होते) आशियांतील अनेक सुवासिक जातींचे तांदूळ शिजवून त्यांच्या वाफेचा कसून तपास केला. वाफेंत द्रव्यें पुष्कळ सांपडलीं; पण भाताचा विशिष्ट सुवास म्हणावा असें एकच ठरलें. त्याचें नांव २-ॲसिटिल-१-पायरोलिन. नांव जिभेस जड आहे, म्हणून यापुढें त्यास नुसतें पायरोलिन म्हणूं. रसायनज्ञांस हा संक्षेप आवडणार नाहीं. पण घरच्या माणसास आपण तरी सगळ्या नांवानिशीं कोठें हांक मारतों?

आतां प्रमाण ऐका. सडीक बासमतींत बटरी यांस शंभर कोटी भागांत साठ भाग पायरोलिन मिळालें. फिलिपाइन्सच्या एका जातींत नव्वद. आणि बिनवासाच्या साध्या तांदळांत आठाहूनहि कमी. शंभर कोटी भाग म्हटलें कीं डोळ्यांपुढें कांहींच उभें राहत नाहीं, म्हणून सोनाराच्या दुकानांत जाऊं. एक गुंज म्हणजे सुमारें १२० मिलिग्रॅम. एक टन बासमती तांदूळ, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबास दोन-तीन वर्षें पुरेल इतकी रास, घेतली तर तींतील सारा सुवास मिळून अर्धी गुंज भरेल! ज्या तांदळास आपण दुप्पट दाम देतों, त्यांत वासाचें द्रव्य तें एवढेंच. आणि आपलें नाक किती तिखट म्हणाल, तर पाण्यांत मिसळलेलें पायरोलिन एक हजार कोटी भागांत एक भाग असलें तरी तें माणसास जाणवतें, असें बटरी यांच्याच मंडळीस आढळलें. म्हणजे बारा लाख लिटर पाण्याच्या हौदांत एक गुंज टाकली तरी नाकास वर्दी मिळते. नाकाची उपेक्षा झाली असें आरंभीं म्हटलें, तें याचसाठीं.

असें हें द्रव्य पकडावयाचें कसें? बटरी यांच्या काळची रीति दांडगी होती. पुष्कळसा तांदूळ पाण्यांत तास तास उकळावयाचा, वाफ थंड करावयाची, तींतील वास एखाद्या द्रावकांत उतरवून घ्यावयाचा, आणि मग तें द्रावक हलक्या हातानें आटवावयाचें. आटवितांना जें उडून जाऊं नये तेंच उडून जाण्याची भीति. शिवाय उकळण्यानेंच कांहीं नवीं द्रव्यें उत्पन्न होतात. मग तांदळांत मूळचें काय आणि भट्टींतलें काय, हा वाद उरतोच.

या अडचणींतून वाट निघाली ती कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत. तेथील प्राध्यापक जानुश पावलिशिन व त्यांच्या सहकारी कॅथरीन आर्थर यांनीं १९९० सालीं एक इतकें साधें साधन जगापुढें मांडलें कीं तें पूर्वींच कोणास कसें सुचलें नाहीं, याचें आश्चर्य वाटावें. पिकलेल्या फणसाशेजारीं दुधाचें पातेलें उघडें ठेवूं नये, हें कोणत्याहि सुगृहिणीस सांगावें लागत नाहीं. दुधांतील स्निग्धांश फणसाचा वास ओढून घेतो, आणि मग त्या दुधाचा चहा कोणी तोंडांत घेत नाहीं. घरांत जो उपद्रव, त्याचेंच पावलिशिन यांनीं उपकरण केलें. वैद्याच्या पिचकारीसारखी एक सुई घ्यावयाची. तिच्या पोकळींत केंसाएवढा बारीक सिलिकेचा तंतु. तंतूच्या टोंकाच्या एक सेंटिमीटर भागावर वास शोषून घेणाऱ्या द्रव्याचा पातळ लेप. दट्ट्या दाबला कीं तंतु बाहेर येतो, ओढला कीं सुईंत लपतो. एवढेंच तें यंत्र. ना द्रावक, ना भट्टी. या रीतीस सूक्ष्म-निष्कर्षण म्हणावें.

तांदळासाठीं ही रीति अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील ग्रिम, बर्गमन प्रभृति मंडळींनीं २००१ सालीं बसवून दिली. पाऊण ग्रॅम तांदूळ, म्हणजे चिमूटभर, कांचेच्या लहानशा कुपींत घालावयाचा. त्यावर दोन-तीन थेंब पाणी. कारण कोरडा दाणा आपला वास सहजीं सोडीत नाहीं. कुपीचें तोंड रबरी चकतीनें घट्ट बंद करून ती ८० अंशांवर पंचवीस मिनिटें तापवावयाची. मग चकतींतून सुई आंत खुपसून तंतु दाण्यांवरील हवेंत दहा-पंधरा मिनिटें लोंबत ठेवावयाचा. तो तांदळास शिवत नाहीं, पाण्यास शिवत नाहीं. सोंवळ्यांत राहूनच आपलें काम करतो!

येथें एक मर्म ध्यानांत धरण्याजोगें आहे. हा तंतु दाण्यांतील सगळा सुवास काढून घेत नाहीं. दाणा, वरची हवा आणि तंतूचा लेप या तिघांत सुवासाची वांटणी होते, आणि लेपाच्या वांट्यास येतें तें एकंदर पायरोलिनाच्या शेंकडा एक भागाहूनहि कमी. पाऊण ग्रॅम बासमतींत पायरोलिन सुमारें ४५ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या शंभर कोटी भागांपैकीं ४५ भाग; तंतूवर चढतो तो त्याचाहि एक क्षुद्र अंश. मग मापन खरें कसें व्हावें? तें खरें होतें, कारण वांटणीचें प्रमाण ठरलेलें असतें. उष्णता तीच, वेळ तोच, कुपी तेवढीच, पाणी तेवढेंच ठेवलें, तर दाण्यांत दुप्पट सुवास असतां तंतूवरहि दुप्पट चढतो. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशांतलाच हा प्रकार. मात्र येथें वेळेचा पांच मिनिटांचा फरकहि चालत नाहीं.

तंतु आतां सुईंत ओढून दुसऱ्या यंत्राच्या तोंडांत खुपसतात. तेथें सुमारें अडीचशें अंशांची उष्णता असते. तिनें तंतूवरील द्रव्यें क्षणांत सुटतात आणि हेलियम वायूच्या प्रवाहाबरोबर एका नळींत शिरतात. ही नळी सुमारें तीस मीटर लांब, आंतील पोकळी पाव मिलिमीटर, आणि ती चाकासारखी गुंडाळून एका भट्टींत टांगलेली असते. नळीच्या आंतल्या अंगास एक चिकट लेप दिलेला असतो. आळंदीहून वारकऱ्यांची दिंडी एकदमच निघाली, पण एकास प्रत्येक गांवीं सोयरे, दुसऱ्यास कोणीच नाहीं, तर दुसरा पंढरपुरास आधीं पोंचणार आणि पहिला मागाहून. तीच गत या द्रव्यांची. लेपाशीं ज्याची सलगी जास्त तें रेंगाळतें, ज्याची कमी तें पुढें जातें, आणि आंत शिरतांना जो एकच मिश्र वास होता त्यांतील शंभर द्रव्यें पलीकडच्या तोंडाशीं एकेक करून बाहेर पडतात. यास क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन म्हणतात. कारण रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेट यानें गेल्या शतकाच्या आरंभीं ही युक्ति प्रथम पानांतील रंग वेगळे करण्यासाठीं योजिली. वायूच्या प्रवाहांत ती यशस्वी करून दाखविली इंग्लंडांत जेम्स व मार्टिन यांनीं, १९५२ सालीं.

नळींतून बाहेर पडलेलें द्रव्य कोणतें, हें ओळखण्याची रीति मला सर्वांत मनोहर वाटते, आणि ती माझ्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास चटकन् पटतेहि. न कळणारें लांबलचक पद पुढें आलें कीं आपण त्याचा पदच्छेद करतों आणि तुकड्यांवरून अर्थ लावतों. हें यंत्रहि तेंच करतें. बाहेर आलेल्या प्रत्येक अणुसमूहावर तें विद्युत्कणांचा मारा करतें, समूह फुटतो, आणि त्याच्या तुकड्यांचीं वजनें यंत्र टिपून घेतें. पायरोलिनाच्या अखंड समूहाचें वजन १११. फुटला कीं ८३, ६८, ४३ असे तुकडे पडतात, आणि ४३ चा तुकडा सर्वांत अधिक. काचेचा पेला प्रत्येक वेळीं वेगळा फुटतो, पण हे समूह ठराविक ठिकाणींच फुटतात. म्हणून हजारों द्रव्यांच्या तुकड्यांच्या याद्या करून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्याशीं ताडून पाहतां येतें. नळी आणि हा वजनकांटा यांची जोडी अमेरिकेंतील डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेंत गोल्के व मॅक्लॅफर्टी यांनीं १९५० नंतरच्या पहिल्या पांच-सहा वर्षांत जमविली. द्रव्य कितव्या मिनिटास बाहेर आलें ही एक साक्ष, आणि कोणते तुकडे पडले ही दुसरी. दोन्हीं साक्षी जुळल्या तरच नांव निश्चित करावें. एका साक्षीवर निकाल देणारे उतावळे याहि क्षेत्रांत आहेत.

गंमत अशी कीं, एवढा सरंजाम असूनहि नाकास रजा मिळालेली नाहीं. पुष्कळ प्रयोगशाळांत नळीच्या शेवटास दोन फांटे काढतात. एक फांटा वजनकांट्याकडे जातो, आणि दुसरा कांचेच्या एका चाड्याकडे, जेथें एक माणूस नाक लावून बसलेला असतो. वास आला कीं तो मिनिट व वासाचें वर्णन लिहितो: 'गवत', 'खवट तेल', 'लोणी', 'भात'. अनेकदां असें होतें कीं यंत्राच्या आलेखांत कांहींच उंचवटा नसतो आणि नाक मात्र वास आला म्हणून सांगतें. उलट, आलेखांत डोंगराएवढा उंचवटा असतो आणि नाकास त्याचा पत्ताहि नसतो. अमुक द्रव्य किती आहे हें यंत्र सांगतें. त्याचा वास कसला आहे, हें त्यास कळत नाहीं. बटरी यांच्या देशांतील लोकांस पायरोलिनाचा वास मक्याच्या लाह्यांसारखा वाटला, आपल्यास तो भाताचा वाटतो. ज्यानें ज्या घरीं जें खाल्लें, त्याची त्यास आठवण.

आंकडा कसा ठरवितात, हेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. तांदळाबरोबर कुपींत दुसरें एक ओळखीचें द्रव्य मोजून टाकतात आणि त्याच्या उंचवट्याशीं पायरोलिनाचा उंचवटा ताडतात. तंतु वापरून वापरून झिजतो. एका तांदळांत तेलाचा अंश जास्त, दुसऱ्यांत कमी. त्यामुळें एकाच तांदळाचीं तीन मापनें घेतलीं तर तीन किंचित् वेगळे आंकडे येतात. शाळेंत एकच उत्तरपत्रिका तीन परीक्षकांकडे दिली असतां काय होतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. म्हणून आंकड्याबरोबर मापन किती वेळां केलें व किती फरक पडला, हें जो सांगत नाहीं, त्याचा आंकडा जपूनच घ्यावा.

हें सारें आंबेमोहोरापर्यंत कसें येऊन पोंचतें, तें आतां पाहूं. पुणें विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत बासमती-३७०, आंबेमोहोर-१५७ आणि बिनवासाचा आयआर-६४ या तीन जाति घेऊन, रोप वाढतां वाढतां कोणत्या अवस्थेंत कोणतीं सुवासिक द्रव्यें असतात, हें याच सुईनें व याच यंत्रानें तपासलें. त्याच वर्षीं आंबेमोहोरास भौगोलिक मानांकनहि मिळालें. म्हणजे ठराविक मुलखांत पिकलेल्या ठराविक तांदळासच हें नांव लावावें, असा कायदेशीर हक्क. हक्क कागदावर मिळाला, पण बाजार कागद वाचीत नाहीं. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्या-पावसांत लोळतो, आणि त्याचें पीक थोडें येतें. म्हणून त्याचा आयआर-८ शीं संकर करून काढलेली इंद्रायणी ही जात १९८७ सालीं वडगांव मावळच्या केंद्रांतून बाहेर पडली. ती आपल्या नांवानें विकली जाते व गुणानें चांगलीहि आहे. तक्रार आहे ती वेगळीच. परप्रांतांतील जिऱ्याच्या जातीचे स्वस्त, बारीक तांदूळ आंबेमोहोर म्हणून विकले जातात, आणि खरा आंबेमोहोर लावणाऱ्या मावळ्या शेतकऱ्यास त्यांच्या भावाशीं टक्कर द्यावी लागते.

मग सुई आणि यंत्र आहे ना, लावा आणि चोर पकडा, असें कोणीहि म्हणेल. येथेंच सावध झालें पाहिजे. सुवास हा तांदळाचा दागिना आहे असें आपण समजतों. वस्तुतः तें एक व्यंग आहे! साध्या तांदळाच्या आठव्या गुणसूत्रावर एक विवक्षित जनुक असतें. तें जें पाचकद्रव्य तयार करतें, त्याच्या योगानें पायरोलिनाचा कच्चा माल दुसऱ्याच कामीं खर्च होऊन जातो. सुवासिक जातींत या जनुकांतील आठ अक्षरें गळालेलीं असतात, असें ब्रॅडबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ऑस्ट्रेलियांत २००५ सालीं दाखविलें. जनुक मोडलें, कच्चा माल तुंबला, आणि त्याचें पायरोलिन झालें. हीच मोडतोड बासमतींत आहे आणि थायलंडच्या तांदळांतहि आहे. आणि जेथें ती आहे तेथें पायरोलिन हें असणारच. इतकेंच काय, भातांत घालतात त्या केवड्याच्या जातीच्या हिरव्या पानांत तें सुवासिक तांदळाच्या दसपट असतें. आणि कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनीं तर १९९० सालीं वाघ आपली हद्द आंखावयास जो फवारा मारतो, त्यांतहि तें दाखवून दिलें. वाघास कोणी आंबेमोहोर म्हणणार नाहीं.

यास्तव एकट्या पायरोलिनाचा आंकडा पाहून 'हा आंबेमोहोर' असा दाखला देण्याची प्रथा पडली, तर तिचा लाभ शेतकऱ्यास न होतां त्यास बुडविणाऱ्यांसच होईल, असें माझें स्पष्ट मत आहे. कोणताहि वासाचा तांदूळ त्या चाळणींतून सुखानें पार होईल. उलट, खराखुरा आंबेमोहोर वर्षभर पत्र्याच्या गुदामांत पडून राहिला तर त्याचा वास उतरून तो मात्र नापास ठरेल. या यंत्राचें सामर्थ्य एका द्रव्यांत नसून त्या शंभर उंचवट्यांच्या एकंदर ठेवणींत आहे. माणूस जसा एकट्या नाकावरून ओळखूं येत नाहीं, सगळ्या चेहऱ्यावरून ओळखूं येतो, तसें तांदळाचेंहि आहे. त्या ठेवणीस जनुकांच्या तपासणीची जोड द्यावी, आणि तांदूळ कोणत्या शेतांतून केव्हां निघाला याची नोंद ठेवावी. मग दाखला द्यावा. मावळांतील शेतकऱ्यानें स्वतः अशी तपासणी करावी हें शक्य नाहीं. ज्यांच्या नांवें मानांकन आहे त्या संघांनीं आणि सरकारी केंद्रांनीं मिळून ती करावी, आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या पोत्यावर बसवूं नये.

राहिला घरच्या डब्याचा प्रश्न. पायरोलिन उडून जाणारें द्रव्य आहे. तांदूळ जुना होतो तसें तें कमी होत जातें, आणि उष्णतेंत अधिक लवकर. त्याच वेळीं दाण्यावर राहिलेल्या कोंड्यांतील तेल हवेनें खराब होऊन त्यांतून हेक्झानल नांवाचें दुसरें द्रव्य उत्पन्न होतें. जुन्या तांदळाचा जो कोंदट वास, त्यांत याचा मोठा वांटा असतो, आणि तेंहि हीच सुई पकडते. पुलावास जुना तांदूळ मोकळा होतो हें खरें; तो न्याय आंबेमोहोरास लावूं नये. वर्षाचा सांठा एकदम भरण्याचा हव्यास या तांदळापुरता सोडावा, महिन्या-दोन महिन्यांपुरता आणावा, डबा घट्ट झांकणाचा असावा, आणि तो चुलीपासून दूर, थंड जागीं ठेवावा. शिजविण्यापूर्वीं धुऊन अर्धा तास भिजविला तर तो लवकर शिजतो, आणि जितका वेळ आंचेवर कमी तितका सुवास ताटापर्यंत अधिक पोंचतो. गिरणीवाल्यास दाणा फार पांढराशुभ्र करून मागूं नये. बटरी यांच्या मापनांत न सडलेल्या तांदळांत पायरोलिन शंभर ते दोनशें भाग होतें, आणि सडल्यावर तें चाळीस ते नव्वदावर आलें. आणि ज्यांचें मावळांत कोणी नातेवाईक असेल, त्यांनीं तांदूळ न मागवितां साळच मागवावी, ती तुसासकट ठेवावी, आणि लागेल तशी सडून घ्यावी. तुसाच्या आंत दाणा पुष्कळ दिवस ताजा राहतो.